खळीनं चिकटवलेलं पान

लातूर जिल्हा झाला त्या साली आमच्या मालकांना नव्या कचेरीत शिपायाची जागा मिळाली, आणि शिरूर अनंतपाळकडचं गाव सोडून आम्ही लातुरात एका खोलीत आलो. गावाकडं विहिरींनी तळ दाखवला होता. आमची कपिली गाय अर्धापूरला माझ्या भावाकडं, निवृत्तीकडं धाडली. तिकडं केळीच्या बागा, पाटाला पाणी. कपिली आता केळीची पानं खाऊन राहिली असंल, असं आमची सिंधु रोज जेवताना सांगायची. नऊ वर्षांची होती.

तिच्या शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची पेटी होती. आठवड्याला एक पुस्तक घरी मिळायचं. आम्ही दोघी मिळून वाचायचो, एक पान तिनं, एक पान मी. मी शाळेची पायरी चढलेली नाही. तिच्याच पाटीवर गिरवून शिकले. जोडाक्षर आलं की माझी गाडी चिखलात रुतायची.

एकदा तिनं पाणी शोधत निघालेल्या तांबड्या वासराचं पुस्तक आणलं. अर्धं वाचून झालं, तिला ते लई आवडलं, आणि दुसऱ्याच दिवशी निवृत्तीचं कार्ड आलं. कुणाच्या मदतीशिवाय मी वाचलेलं ते पहिलं कार्ड. कपिली गेली होती. वाटेतच इतकी खंगली होती, की पाणी समोर असून तिला पिववलं नाही.

सिंधु शाळेत होती. मी पुस्तकाचा शेवट उघडला. वासरू कोरड्या तळ्यात मरतं. लेकरांच्या पुस्तकात असलं लिहिणाऱ्याला काय म्हणावं? मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. रात्री शेवट माझ्या वाट्याला येईल असं जमवलं आणि छापलंच नव्हतं ते वाचून दाखवलं. वासराला केळीची बाग सापडली, पाटाचं पाणी ते पोटभर प्यालं. सिंधुनं ते पुस्तक आणखी दोनदा आणलं. मी दोन्ही वेळा बाग हिरवी केली.

पण ज्वारीच्या खळीला झुरळं लागतात. कडा कुरतडलेल्या दिसल्या, तशी बाईंनी पानं तपासली. सिंधुनं पुस्तक खराब केलं, आता तिला पुस्तक नाही, असं ठरलं. घरी येऊन ती बोलली नाही. शेजारच्या साखराबाईच्या पोरीकडून मला कळलं. तीन दिवस मी गप्प बसले. बाईंपुढं जाऊन काय सांगायचं, याची लाज. सिंधु किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचत बसायची, आणि मी भाकरी थापत तिच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करायची.

चौथ्या दिवशी गेले. सगळं सांगितलं, कपिलीचंसुद्धा. बाई रागावल्या नाहीत, त्यानं जास्तच लागलं. ओल्या फडक्यानं पानं सोडवून आणा, म्हणाल्या. सोमवारपासून सिंधुला पुस्तक मिळेल.

घरी फडकं ओलं केलं आणि सिंधुला जवळ बसवलं.

"सिंधे, हे पान मी चिकटवलं होतं."

"मला ठाऊक हाय."

"कसं काय गं?"

"तेवढंच वाचताना तू अडखळत न्हवतीस, माय."

पानं हळूहळू सुटली. तिनं शेवट मनातल्या मनात वाचला. मग विचारलं, "आन् कपिली?"

एक बाग तेव्हाही माझ्या जिभेवर आली होती, पाटाच्या पाण्यासकट. मी उठले, डब्याखाली दडवलेलं निवृत्तीचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, मग वरची तारीख बघितली.

"लई दिवस झाले की."

"हाव."

"आन् मी रोज जेवताना बोलायची, तवा तू ऐकत होतीस."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

सोमवारी नवं पुस्तक आलं. तिनं माझ्याकडं पाठ फिरवून आधी शेवटचं पान उघडलं, सावकाश वाचलं. मग माझ्याकडं सरकली आणि पहिलं पान माझ्यापुढं धरलं.