पानाच्या डब्यातली काच

दुपारी सव्वातीनला अपेक्षाने शेवटची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. दारात चपला काढून तिचे वडील, जानराव, उभे होते.

आधीच्या दोन्ही खेपा वाया गेल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. अमरावतीच्या उन्हात काचेवरचा रसायनाचा थेंब सुकायचा आणि सगळीकडे तपकिरी रंग पसरायचा. तपासायच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा आता संपला होता. ही काच बिघडली, तर संशोधनाचा विषयच सोडावा लागणार होता. तेव्हा तिला बाबांचा परतवाड्याचा पानठेला आठवला. ऐन मे महिन्यात बाबांची पानं पितळी डब्यात, ओल्या फडक्याखाली टवटवीत राहायची. तिने फोन केला. सकाळच्या एसटीने जानराव मांडीवर डबा घेऊन आले, आणि शेवटची काच दुपारपर्यंत त्यातच ओलसर राहिली.

"काकाजी," मार्गदर्शक रागिणी मॅडम म्हणाल्या, "डबा इकडे आणला, तं गिऱ्हाइकाले काय वाळला पाला चारून राहिले?"

"ठेलाच बंद हाय मॅडम. पाटी लावली, पोरीची परीक्षा हाय म्हणून."

अपेक्षा सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हळूहळू फिरवत होती. मग एकदम ओरडली, "बाबा, या! पाहा!"

जानरावांनी वाकून आधी दोन्ही डोळे मिटले.

"एक उघडा ना!"

"हां... ठिपके दिसते. तपकिरी."

"हे चांगलं मांस. ठिपका म्हणजे मी शोधून राहिली ते प्रथिन. पेशीच्या मधोमध, केंद्रकात बसते नि वाढीले आवर घालते. आता गाठ पाहा." तिने काच सरकवली.

पेशींच्या मधले गोळे, म्हणजे केंद्रकं, नुसते निळे होते. तपकिरी रंग त्यांच्या भोवती होता.

"अवो माय, हे तं घर सोडून अंगणात बसलं!"

"हाय, पण जागेवर नाही!" अपेक्षा म्हणाली.

"मी गादी सोडून गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसलो, तं पान कोण लावन?"

मॅडम खळखळून हसल्या. अपेक्षाने बापाला मिठीच मारली.

"पण ते बाहेर काहून आलं?" जानरावांनी विचारलं.

दोघी एकमेकींकडे पाहून पुन्हा हसल्या.

"ते शोधायचं हाय, बाबा."

"म्हणजे डबा राहू देऊ?"

"राहू द्या."

जानरावांनी फडकं नळाखाली धुतलं, पिळलं, डब्यात नीट पसरलं आणि संध्याकाळच्या एसटीने मोकळ्या हातांनी निघाले.

परतवाड्यात पानं सध्या स्टीलच्या पातेल्यात आहेत. डबा अजून अमरावतीतच आहे.