पन्नास धुण्यांचे मोजे

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे कोणी विचारलं नाही तरी सल्ला द्यायचा, हे माझं काम. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

आमच्या ओल्या खात्यातली माणसं दिवसभर गमबूट घालून पाण्यात उभी असतात. त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, म्हणून मी नागपूरच्या गांधीबाग बाजारातून जंतुरोधक मोजे आणवले. पाकिटावर छापलं होतं, 'पन्नास धुण्यांपर्यंत परिणामकारक'.

"सायेब, हे रोज धुवाचे काय?" त्याच खात्यातल्या कवडूनं विचारलं.

कवडूला शुगर आहे. तळपायात खिळा घुसला तरी त्याला कळत नाही. त्याच्या पायांकडे खास लक्ष द्या, असं कंपनीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, म्हणून मी खास डोकं चालवलं. पन्नास धुण्यांत औषध संपतं, म्हणजे धुतलंच नाही तर ते संपणारच नाही!

"नाही गा," मी म्हणालो. "जितकं कमी धुशील तितकं औषध टिकते."

हे मी स्वतःही पाळलं. विसाव्या दिवशी बायकोनं, सुमतीनं, आधी मोजे गॅलरीत काढले आणि मग मला. मलाही चिखल्या झाल्या, तेव्हा मी बूट बनवणाऱ्या कंपनीला कडक पत्र लिहिलं.

पत्राचं उत्तर यायच्या आत कवडू दवाखान्यात भरती झाला. चिखल्यांच्या भेगांतून जंतू शिरून पाय घोट्यापर्यंत सुजला होता. करंगळी तर काढावीच लागणार होती. बाकीचा पाय वाचतो की नाही, ते दोन दिवसांत कळणार होतं.

मी पोचलो तेव्हा तिथले डॉक्टर त्याला झापत होते. "महिनाभर तेच मोजे? न धुता? कोणी सांगितलं तुला?"

कवडूनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "कोनी नाही जी. मीच आपल्या मनानं केलं."

"अडाणीपणाची हद्द आहे," डॉक्टर मला म्हणाले आणि सवयीनं माझी मान हलली. साहेबाची मान ती, कोणी अडाणी म्हटलं की हलतेच. मग मला स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "हे ज्ञान माझं आहे."

कवडू कोपरावर रेटून अर्धवट उठला.

"राहू द्या ना सायेब," तो घाईघाईनं म्हणाला. "तुमची नोकरी जाईन."