बिनतुपाचा पाहुणचार

मेक्सिकोचं जेवन रांधाले शिकली, त्याचा मले काईच तरास झाला नाई. तरास झाला तो माह्या सासूचा.

अकोल्याच्या शेतकी फार्मावर मक्याच्या कामासाठी मेक्सिकोहून इनेसबाई आल्या, आन त्यायच्या सैपाकाले मले लावलं. बाई मटन खात नोत्या, अंडं खात नोत्या. इथपर्यंत ठीक. पन दूध नाई, दही नाई, तूप नाई. वासराच्या तोंडचं आपन काहून घ्याचं, असं त्यायचं म्हननं. आता वऱ्हाडात असं मानूस जगवाचं कसं, तुमीच सांगा.

बाईनंच मंग मले शिकवलं. मका चुन्याच्या पान्यात शिजवाचा, रातभर तसाच ठेवाचा, सकाळी चोळून त्याची सालं काढाची, धुवाचा आन पाट्यावर वाटाचा. चुना म्हटल्यावर सारी वस्ती हसली. पानाले लावतात तो चुना हे बाई भाकरीत घालते, म्हने. पन ते भाकर अशी मऊ होते का हातात गुंडाळून घ्या. तिच्यात चवळीची घट्ट उसळ, वर भेदराची चटनी. भेदरं म्हनजे तुमचे टमाटे. ते तव्यावर काळे होईपर्यंत भाजाचे, मिरच्यासंगं ठेचाचे. बाई ते खाऊन डोळे मिटून बसत. मले बरं वाटे.

पाट्यावर मका वाटाले माही सासू पार्बताबाई येत जाये. हात चांगला चाले तिचा, पन जीभ त्याहून जास्त. "पाहुनी घर सोडून इतक्या लांब आली आन तू तिले कोरडं खाऊ घालून राहिली? लोकं काय म्हनतीन?" मी तिले शंभरदा समजावलं. ती मान हालवे. आन माही पाठ फिरली का उसळीत चमचाभर तूप. बाईनं पयला घास घेतला का ताट बाजूले सारे, अन मी पुन्हा चूल पेटवत बसे. नवऱ्याले सांगितलं तर म्हने, तुमी दोघी पाहून घ्या. मोठा शहाना.

बाईचं काम सरत आलं तवा अमरावतीले परदेशी लोकायसाठी नवं पाहुनेघर उघडनार होतं. तिथं पक्की सैपाकीन पायजे होती. बाईनं माहं, पंचफुलाचं, नाव सांगितलं. सही कराची होती फार्माच्या मोठ्या साहेबानं, उत्तमरावानं. ते म्हने, "पाहू." त्यायचं पाहू म्हनजे नाई, हे मले समजे. त्या मानसानं माह्या हातचा चहा सुदिक कधी घेतला नोता. रोज त्यायले कशाचा ना कशाचा उपास. आमी बौद्ध झालो, पन त्यायच्यासाठी आमी होतो तेच होतो.

बाई काई कमी नोत्या. म्हने, "जायच्या आधी मी पंचफुलाच्या घरी जेवनार. साहेब, तुमी बी या. चव पाहा आन मंग ठरवा."

घरी मी तुपाची बरनी पेटीत टाकली, कुलूप लावलं, चाबी कमरेले खोसली. सासूले सांगितलं, "आज बाईच्या ताटात एक थेंब गेला तं माही नोकरी गेली." तिनं मान हालवली. ते मान हालवनं पाहून मी सावध व्हाले पायजे होतं.

दोघं पाटावर बसले. मी वाढलं. अन चटनी आनाले चुलीपाशी गेली, तेवढ्यात माह्या सासूनं पदराखालून वाटी काढली आन बाईच्या भाकरीवर तुपाची धार धरली. शेजारच्या मैनाच्या घरून मागून आनलं होतं.

माहं डोकंच फिरलं. पाहुन्यायसमोर ओरडली मी, "काय केलं तुमी हे? माही नोकरी घालवली."

सासू वाटी धरून तशीच उभी. म्हने, "माह्या लग्नात बापानं पंगतीले तूप वाढलं होतं. भातकुलीकडच्या गावात. गावची मानसं आली अन साऱ्यायच्या पत्रावळीत माती टाकून गेली. तुमच्या लोकायले तूप कशाले पायजे, म्हने. तवाच मी ठरवलं, माह्या दारचा पाहुना कोरडा जेवनार नाई. आज पयल्यांदा साहेब लोक आले, तं तू बरनीले कुलूप लावतं."

इतकी वर्सं एका चुलीपाशी बसलो, पन हे तिनं मले कधी सांगितलं नाई. सांगाले आजचाच दिवस सापडला. मले रडू येऊन राहिलं होतं अन रागही येऊन राहिला होता.

बाई विचारत होत्या, काय झालं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यायनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं, सासूच्या पुढे ठेवलं आन म्हने, "हे मायचं." मी त्यायले दुसरं ताट वाढलं. त्या जेवाले लागल्या.

मंग मी उत्तमरावाकडे पाह्यलं. त्यायनं ताटावर हात आडवा धरला होता. "मले आज उपास हाये."

"साहेब," मी म्हटलं, "सकाळी तं फार्मावर भजे खाऊन राहिले होते तुमी."

बाईले उपास आन भजे, दोन्ही शब्द समजत होते. त्या जेवता जेवता थांबल्या आन साहेबाकडे पाहाले लागल्या.

माही सासू पुढे झाली. तिनं साहेबाचा हात धरून ताटावरून बाजूले केला आन राह्यलेलं सारं तूप त्यायच्या भाकरीवर ओतलं. "जेवा. गरम हाये तवर."

साहेबानं दाराकडे पाह्यलं, बाईकडे पाह्यलं, अन एक घास तोडला. लय वेळ चावला. मंग दुसरा तोडला. ताट साफ होईपर्यंत सासू रिकामी वाटी घेऊन तिथंच उभी होती, तिनं सोताचं ताट हातात सुदिक घेतलं नाई.

सही झाली. आता इतकी वर्सं मी अमरावतीच्या पाहुनेघरात बिनतुपाचं, बिनदुधाचं मेक्सिकोचं जेवन रांधतो. लांबलांबचे लोक माहं नाव घेऊन येतात. आन माही सासू भेटन त्याले सांगते, सुनेले नोकरी माह्या तुपानं लागली. खोटं म्हनावं तं ते खोटं बी नाई, याचाच लय राग येते.