घासलेला सांधा

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. जुनी म्हणजे अवघ्या दोन वर्षांची. पण विद्यार्थ्यांच्या मंडळात दोन वर्षं म्हणजे म्हातारपणच. दरवर्षी नवी मुलं येतात, नवी गाडी बांधायला घेतात आणि माझे सुटे भाग एकेक करून काढून नेतात.

यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या मागच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे विद्यार्थ्यांची तीन मंडळं नांदतात. गाडीवाले, रोबोटवाले आणि विमानवाले. नांदतात असं आपलं म्हणायचं. एकुलत्या एक ड्रिल मशीनवरून त्यांची रोज जुंपते आणि पाने-पक्कड कुणी पळवली याचा तपास कायम चालू असतो.

माझा सांगाडा जोडला ठिणगीने. हे तिचं टोपणनाव. गाडीवाल्यांत वेल्डिंग करणारी ती एकटीच. मामाच्या गॅरेजमध्ये लहानपणीच शिकली होती. सांधा मारून झाला की ती मुखवटा वर करायची, धातू निवेपर्यंत थांबायची आणि मग त्यावरून बोट फिरवायची. तिच्या सांध्यांवर बारीक उंचवटे असत, शिवणीच्या टाक्यांसारखे. कप्तानाला ते खटकायचे. कप्तान म्हणजे आमच्या मंडळाचा म्होरक्या आणि माझा चालक. त्याच्यावर माझा फार जीव होता. शेडमध्ये आला की आधी माझ्या नाकावर थाप मारायचा, मग बाकीच्यांशी बोलायचा.

शर्यतीच्या आधी विभागाच्या भिंतीवर लावायला माझा फोटो काढायचा होता. त्या दुपारी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. कप्तानाने ग्राइंडर घेतला आणि पुढच्या चाकांजवळचे सांधे घासून गुळगुळीत केले. मित्रांनो, सांध्याची ताकद त्या उंचवट्यात असते. तो घासला की खाली उरतो नुसता पापुद्रा. त्यावर त्याने निळा रंग मारला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, एवढं मी कबूल करते. त्याला फक्त मी देखणी दिसायला हवी होते.

शर्यतीत एका वळणावर माझं पुढचं चाक निखळलं. कप्तानाचं खरचटण्यावर निभावलं. आमच्या मंडळावर देखरेख ठेवणारे सर धावत आले आणि कशाने झालं म्हणून विचारू लागले. कप्तानाने तुटलेली जागा पाहिली. त्याला सगळं कळलं होतं. त्याने माझ्या अंगावर टेकलेला हात काढून घेतला.

"सांधा कच्चा होता, सर," तो म्हणाला.

झालं, सगळं खापर ठिणगीवर फुटलं. तिला मंडळातून काढलं. ती विमानवाल्यांकडे गेली, तर त्यांनी हसून विषय टाळला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाही ते खरं वाटलं. वर्षभर तिने वेल्डिंगला हात लावला नाही. मी ओरडून सांगितलं असतं; पण मला आवाज तो इंजिनाचा, आणि इंजिन तर काढून नेलेलं.

पुढच्या वर्षी नवी गाडी वेल्डिंगपाशी अडली. दुसऱ्या कुणाला ते नीट जमेना, तेव्हा कप्तानाने ठिणगीलाच गळ घातली. ती आढेवेढे घेत आली. आधी जुन्या गाडीवर हात बसवते म्हणाली आणि माझ्या धड राहिलेल्या बाजूचा रंग खरवडू लागली. सवयीने तिचं बोट सांध्यावरून फिरलं आणि थांबलं.

"हे मी असं सोडलं नव्हतं," ती म्हणाली.

कप्तान शेजारीच उभा होता. तो खोटं बोलला नाही.

"फोटोसाठी घासलं होतं. तू काही बोलली नाहीस, मग मीही गप्प बसलो."

"अरे, मला वाटलं माझाच हात कच्चा आहे."

तिने एकच मागणी केली. हे आज सगळ्यांसमोर सांग, मग नवी गाडी जोडून देते. त्याने मान डोलावली. माझ्याही जिवात जीव आला.

तिन्ही मंडळं जमली. सरही आले. ठिणगी मुखवटा कपाळावर चढवून माझ्याजवळ उभी राहिली. कप्तानाने घसा खाकरला.

"गेल्या वर्षी थोडी तांत्रिक गडबड झाली होती. चूक तशी कुणाचीच नव्हती. आता ठिणगी परत येतेय."

टाळ्या पडल्या. ठिणगीने मुखवटा काढला, माझ्या सीटवर ठेवला आणि ती निघून गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पहिल्या वेळी तो घाबरला होता, म्हणून मी त्याला मनातल्या मनात माफ केलं होतं. या वेळी मात्र तो विचार करून बोलला.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, त्याची निगा राखा. पण तुमच्या हातून ते मोडलं, तर माझ्याकडून मोडलं एवढं म्हणायला शिका. आमची तेवढी काळजी घेतलीत तरी पुष्कळ झालं.

ठिणगीचा हात पक्का होता, हे आता तिला, मला आणि कप्तानाला ठाऊक आहे. बाकी कुणालाच नाही. मला भंगारात काढलेलं नाही, कारण वेल्डिंग शिकवायला माझा उपयोग होतो. नव्या मुलांना माझ्याभोवती उभं करतात, तुटलेल्या जागेवर बोट ठेवतात आणि सांगतात, हा बघा कच्चा सांधा.