चार पाय, चार मापं

डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. केमोची आणखी एक फेरी घ्यायची, की सगळं थांबवून उरलेले दिवस घरीच काढायचे, हे रत्नाने स्वतः ठरवायचं होतं. त्या डॉक्टरीणबाईंनी गुरुनाथांकडे रोखून बघत दोनदा बजावलं, "इट्स हर डिसिजन." रत्ना खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुम्हीच ठरवा."

गेली सहा वर्षं ती हेच म्हणत होती. पडदे कुठले, पाहुण्यांना काय करायचं, भारतात कधी जायचं, सगळ्याला एकच उत्तर. त्याआधीची रत्ना अशी नव्हती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधलं हे घरसुद्धा तिनेच पसंत केलं होतं, पाच मिनिटांत.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात ह्यूस्टनमधल्या एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालं, तेव्हा तिथून ती एक खुर्ची घेऊन आली. लंबगोल पाठ, पाठीच्या माथ्यावर कोरलेली रिबिनीची गाठ. पाय सरळ, गोल, खाली निमुळते होत गेलेले, त्यांच्यावर उभ्या खाचा. पाय बैठकीला मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा आणि प्रत्येक ठोकळ्यावर एक फूल. "फ्रेंच आहे. खरी जुनी," रत्ना म्हणाली. तिने त्यातलं काही वाचलेलं नव्हतं. "हात लावला की कळतं हो." बैठकीच्या खाली, आतल्या लाकडावर ठोकलेली तीन अक्षरं होती, तीही तिनेच शोधून काढली.

त्या वर्षी गणपतीला घर माणसांनी भरलं होतं. आरतीनंतर कोणीतरी खुर्चीबद्दल विचारलं आणि रत्ना उत्साहाने सांगू लागली. गुरुनाथ चारचौघांत तोंड उघडणारे नव्हते. पण तीस वर्षं त्यांनी रिफायनरीच्या पाइपांची मापं तपासली होती आणि तेवढं एक त्यांना नक्की येत होतं. त्यांनी ड्रॉवरमधून कॅलिपर काढला, गुडघे टेकून चारही पाय मापले.

"चार पाय, चार मापं," ते म्हणाले. "तीन मिलिमीटरचा फरक आहे. नक्कल आहे ही, तीही घाईत केलेली. आमच्याकडे असा पाइप आला असता तर ट्रकमधून उतरवूसुद्धा दिला नसता."

सगळे खो खो हसले. आपल्या बोलण्यावर अख्खी खोली हसली असं त्यांच्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं, आणि त्यांना ते आवडलं.

"आणि खालचा शिक्का?" रत्नाने हळूच विचारलं होतं.

"शिक्का काय, कुणीही मारतो."

पुढच्या आठवड्यात तिने खुर्ची मैत्रिणीला, सुमेधाला, देऊन टाकली.

आता, मुदतीच्या दोन दिवस आधी, बुधवारी रत्ना झोपली होती आणि शेजारीण बसायला आली होती, म्हणून गुरुनाथ तासभर लायब्ररीत गेले. फ्रेंच फर्निचरवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी काढलं. का काढलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. राज्यक्रांतीच्या आधीच्या वीसेक वर्षांत वळणदार पाय जाऊन ग्रीक-रोमन खांबांसारखे सरळ पाय आले, असं त्यात होतं. खाचा, फुलं, लंबगोल पाठ, सगळं चित्रांसकट. आणि पुढे लिहिलं होतं: हे पाय कारागीर नजरेच्या अंदाजाने घडवत. कुठलेही दोन तंतोतंत सारखे नसतात. चारही अगदी एकसारखे दिसले, तर ते यंत्राचं काम समजावं.

त्यांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. अस्सल म्हणजे अचूक, असं ते जन्मभर धरून चालले होते.

स्वतःच्या नजरेवरचा विश्वास तिला परत मिळाला, तर कदाचित शुक्रवारचं ती स्वतः ठरवील. आशा वेडीच होती. पण दुसरी कुठलीच नव्हती.

लायब्ररीतून ते थेट सुमेधाकडे गेले. दार तिचा नवरा कुमार याने उघडलं.

"खुर्ची? अहो गुरुनाथराव, सहा वर्षांनी परत मागायला आलात?"

"नाही, नाही. फक्त बघायची आहे."

"बघा की. हिने तर तिचा मेकओव्हर करून टाकलाय!"

खुर्ची फोनपाशी होती. पांढरी शुभ्र, कडांना चकचकीत सोनेरी रंग. खाचांत रंग साचला होता.

"छान झालीय ना, भावजी?" सुमेधा म्हणाली. "आधी किती कळकट होती. रत्नाला हवी असेल तर न्या हं, खरंच."

गुरुनाथांनी क्षणभर विचार केला. हे ध्यान घरी नेलं तर रत्नाला पुन्हा सगळं हसणंच आठवेल. "नको," ते म्हणाले. टॉर्च घेऊन ते खुर्चीखाली शिरले.

"जपून हो! तिथे अडकलात तर नाइन-वन-वनला काय सांगू?" कुमार म्हणाला.

खाली रंग पोचला नव्हता. लाकडावर रंध्याचे ओबडधोबड माग होते, सांध्यांत स्क्रू नव्हते, लाकडी खुंट्या होत्या. आणि ती तीन अक्षरं. त्यांनी खिशातला कागद त्यांच्यावर धरला आणि पेन्सिल आडवी घासून ठसा घेतला. तिथे कोपर टेकायलाही जागा नव्हती.

घरी आले तेव्हा रत्ना उशीला टेकून बसली होती. शेजारीण गेल्यावर त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

"तुझी खुर्ची. मी चुकलो होतो. ती अस्सल आहे."

तिने कागद लांब धरून पाहिला. "खरंच?" तिच्या आवाजात जुनं काहीतरी हललं. "आणि ती फुलं? त्यांतलं एक जरा तिरकं होतं."

"आहे ना, अजून आहे. म्हणूनच तर. शंभर टक्के अस्सल."

रत्ना त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, दमलेलं हसू.

"शंभर टक्के? दूध उतू गेलं का विचारलं तरी तुम्ही 'बहुतेक' म्हणता. एकोणचाळीस वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता मी." तिने कागदाची घडी घातली. "आजारी माणसाची समजूत काढताय होय?"

"अगं, पुस्तकात आहे. शिक्का बघ ना..."

"शिक्का काय, कुणीही मारतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाठ झालेला धडा म्हणावा, तसं ती म्हणाली. कागद त्यांच्या हातात ठेवून तिने डोळे मिटले. "शुक्रवारचं तुम्हीच ठरवा."

ते पुस्तकाबद्दल सांगत राहिले, यंत्राबद्दल, कारागिरांच्या नजरेबद्दल. तिला झोप लागल्याचं त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

मग त्यांनी कागद उलगडून खिडकीच्या उजेडात धरला. पहिली दोन अक्षरं स्पष्ट होती. तिसरं मघाशी दिसलं होतं तसं आता दिसेना. ते खरोखर अक्षर होतं, की आपलीच पेन्सिल घसरली होती, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.