कालव्यावर वाळत घातलेली वाकळ

मी एका लेकराची वाकळ. यवतला कालव्याच्या कडेच्या घरात जन्मले, आणि तेव्हापासून घाबरूनच आहे. मी ऊब द्यायची. पण माझ्याच अंगातली थंडी जात नाही.

माझी मालकीण हर्षदा. तिचा नवरा रविराज रांजणगावला कंपनीत होता. जेवणाच्या सुट्टीत तो दक्षता समितीविरुद्ध काहीतरी बोलला आणि परत आलाच नाही. मग समितीनं कळवलं, रविराज नावाचा माणूस कधी नव्हताच. फोनमधले त्याचे फोटो गेले. वह्या-पेनं तर आधीच घरोघरी फिरून जमा केलेली. रोज संध्याकाळी प्रत्येकानं फोनसमोर बसून समितीला दिवसभराचं सांगायचं, आणि त्याच्या आईनं, सोजराबाईंनी, शेवटी "मला मूल न्हाई" म्हणायचं. त्या म्हणतात. मग ही सून कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

हर्षदा बारावी शिकलेली. भर दुपारी ओट्यावर बसून तिनं मला शिवलं. वाकळ शिवणाऱ्या बाईकडं कोण कशाला बघतंय? माझ्या पोटातल्या थरावर ती लाल दोऱ्यानं लिहायची. 'रविराज घाईत दोन वेगळ्या चपला घालून कामावर गेला.' 'रविराजला पोरीचं नाव ठेवायचं होतं, राहून गेलं.' मधेच थांबून पुटपुटायची, "समिती काय दोऱ्याला भिणार आहे का, हर्षदे?" आणि पुन्हा सुई ओवायची. शेवटी वरून जुन्या धोतराचा पांढरा थर लावला.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण कालव्यावर धुवायचं, ही इकडची रीत. हर्षदा पोरीला डोस द्यायला दवाखान्यात गेलेली. सोजराबाईंनी मायेनं मलाही गाठोड्यात बांधलं. मला ओरडता आलं असतं तर!

पाण्यात धोतर अंगाला चिकटलं आणि लाल अक्षरं वर आली. मला काठावर पसरताना सोजराबाई वाकल्या. चौथी शिकलेल्या त्या. बोट फिरवत पहिला शब्द लावला, 'रविराज', आणि बोट तिथून पुढं सरकेना.

तेवढ्यात समितीच्या ईश्वरनं मोटारसायकल थांबवली.

सोजराबाईंनी मला ओलीच्या ओली अंगावर ओढली. अक्षरं आत.

"काय मावशी, ओली वाकळ पांघरलीस? डोकं फिरलं का?"

"आंग पेटलंय रं तापानं."

"मग लांबूनच बोल, आमाला देशील!" तो मागं सरला. "संध्याकाळी फोनवर सांग ताप आल्याचं."

"सांगते की."

गाडीचा आवाज विरेपर्यंत त्यांचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. माझंही.

घरी हर्षदा पांढरीफटक पडून दारात उभी. "आत्या, चुकलं माझं. तुम्हालाही गोत्यात आणलं."

"चुकलंच तुझं," कुडकुडत सोजराबाई म्हणाल्या. "त्यो पायाळू जन्मला, दोन दिस माझी सुटका होत नव्हती. ते कुठं लिवलंस? घे सुई."

आता दोघी मिळून शिवतात. समिती पांघरुणंही तपासणार, असं कानावर आलंय. शाळेत अक्षरं शिकवणं कधीच बंद झालं. ही पोर मला पांघरेल, पण वाचणार कशी?

तुम्हाला अजून वाचता येतंय ना? मग एवढं करा. मी हाती लागले, तर तिचं बोट धरून माझ्यावर ठेवा, आणि 'र'पासून सुरुवात करा.