दुसऱ्या प्रोसेसरची दुपार

सिमरन मुलाणी सांगलीहून कामाला आली आणि आठवड्याभरात लॅबमधला चहा आधी तिच्या टेबलावर जायला लागला. लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या जयराजच्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली. चहा काय, कुणाकडेही आधी जाईल. पण जळणाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं.

कराडजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात उसाच्या शेतांचे ड्रोनने काढलेले फोटो तपासणारा एक मोठा सर्व्हर होता. तो कॉलेजचा होता, पण जयराज त्याला ‘माझं मशीन’ म्हणायचा आणि कुणी हरकत घेत नसे. त्यात कामं करणारे दोन प्रोसेसर, आणि प्रत्येकाशेजारी माहिती ठेवणारी त्याची मेमरी. कुठलं काम कुठे बसवायचं ते शेड्युलर नावाचा प्रोग्राम ठरवतो. ज्या कामाची माहिती जिथल्या मेमरीत, तिथल्याच प्रोसेसरवर ते न्यायचं, उगाच हेलपाटे नकोत.

मग लॅबप्रमुख उदयसिंह सरांनी मेमरीची एक नवी पेटी आणून जोडली. मेमरी भरपूर, प्रोसेसर एकही नाही. शेड्युलर आपला माहितीच्या मागे कामं तिकडे न्यायला बघायचा आणि हात हलवत परत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा परत. हळदीची पोती गोदामात आहेत म्हणून दळायलाही गोदामातच जावं आणि तिथे गिरणीच नसावी, तशी गत. सर्व्हर पार मंदावला.

जयराजने डोकं फोडून घेतलं, काही जमलं नाही. सिमरनने मात्र शेड्युलरमध्येच दुरुस्ती केली: पेटीत प्रोसेसर नसेल तर तिच्या सगळ्यांत जवळचा, प्रोसेसर असलेला शेजारी निवडायचा. पेटी दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेली, म्हणून कामं दुसऱ्यावर. एवढं साधं! साधं होतं म्हणूनच जयराजचा जळफळाट जास्त झाला.

“लय हुशार पोरगी हाय,” सर म्हणाले. “शुक्रवारी साखर कारखान्याची मंडळी बघायला येणार हायत. त्यांना पटलं की मशीन तिच्याच ताब्यात द्यावं म्हणतोय. तुला काय वाटतं?”

“द्या की,” जयराज म्हणाला. आतून तो नुसता पेटला होता.

त्याने तिचा कोड खोट काढायला म्हणूनच वाचला, आणि खोट निघाली. प्रोसेसर कुठे कुठे आहे हे तिचा कोड मशीन सुरू होताना एकदाच बघून ठेवत होता. आता गंमत अशी, की दुसऱ्या प्रोसेसरवरचा पंखा उन्हात धापा टाकायचा. म्हणून जयराज रोज जेवणानंतर तो प्रोसेसर गुपचूप बंद करायचा आणि ऊन उतरलं की चालू करायचा. तेवढा वेळ तिचा शेड्युलर कामं त्या बंद प्रोसेसरकडेच धाडत राहायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मशीनला आपलाच हात लागतो असं लोकांना वाटलेलं त्याला आवडायचं.

“दादा, दुपारचं मशीन हळू का व्हतं?” सिमरनने त्याला विचारलंही होतं.

“ऊन हाय गं. दुसरं काय?”

शुक्रवारी मंडळी सकाळी यायची होती, ती जेवणं उरकून आली. पंखा किंचाळायला लागला होता. “जयराज, तापलंय बघ,” सर म्हणाले. “तुझं काय नेहमीचं असंल ते कर.”

आता तरी तिला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. आलं आणि गेलं. त्याने दुसरा प्रोसेसर बंद केला.

पडद्यावरचा फोटो अर्ध्यावर अडकला. “यापरीस आमच्या वजनकाट्यावरच्या बैलगाड्या बऱ्या!” पाहुण्यांतला एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. जयराजला इतकं बरं वाटलं की त्याला खाली बघावं लागलं.

सिमरन गडबडली नाही. तिने नोंदी उघडल्या. “दुसरा प्रोसेसर आत्ताच बंद झालाय. दादा, तुमी केलाव?”

“रोजच करतो,” जयराज छाती काढून म्हणाला. “त्याचा पंखा दमतो. हे मशीन मला जेवढं ठावं हाय तेवढं कुणाला न्हाई.”

“आन हिला सांगितलंस?” सरांनी विचारलं.

जयराज वाकून पंखा बघायला लागला. सिमरनने प्रोसेसर चालू केला, फोटो सरसर पुढे गेले, पाहुणे खूश झाले. “एकदाच बघून चालायचं न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “कोण चालू हाय ते दरवेळी इचाराय पायजे.”

पाहुणे गेल्यावर सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“उद्यापासनं मशीन सिमरनकडं. त्याची माहिती मात्र सगळी तुझ्याकडं हाय, तवा तू हितंच तिच्या शेजारी बसायचं. ती इचारंल ते सांगायचं. कीबोर्डला हात लावायचा न्हाई.”

जयराज खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

“दादा, पयल्या प्रोसेसरचा पंखा कवा बदललावता?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

आठवत नाही म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याला सगळं आठवत होतं, पंख्याचा स्क्रू कुठला झिजलाय तेसुद्धा. तो सांगत गेला आणि ती टाइप करत गेली.